कुटुंबासह पाहण्यास योग्य

शनिवार, ८ जून २०२४, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटे. माझ्या वहीतली पहिली ओळ अशी आहे: भाग १, प्रेक्षक ३, टीव्हीचा आवाज २६.

संख्याशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण करून मी संशोधनाच्या प्रवेशासाठी ठिकठिकाणी अर्ज पाठवत होते आणि तोवर घरी बसून करता येईल असे एक काम मला मिळाले होते. एक कंपनी पालकांसाठी कार्यक्रमांची पत्रके तयार करत असे. अमुक कार्यक्रम घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहण्याजोगा आहे का, मुले असतील तर किती वर्षांपासून पुढची, एवढेच त्या पत्रकातून सांगायचे असे. पद्धत साधी होती. दर दहा मिनिटांना एक ओळ. शिवीगाळ, हिंसा, मद्य आणि धूम्रपान, भीती असे चार रकाने. प्रत्येकात आकडा भरायचा आणि शेवटी एका सूत्राने वय काढायचे. कार्यक्रम एकट्याने न पाहता घरच्यांसोबत, आठवड्याला एक भाग याप्रमाणे पाहावा अशी अट होती, आणि ती अट मला शास्त्रीय वाटली होती. निरीक्षण ज्या परिस्थितीत घेतले ती परिस्थितीही लिहून ठेवावी, हे मला पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिकवलेले होते. म्हणून आवाजाचा पाचवा रकाना मी माझ्या मनाने वाढवला.

माझ्या वाट्याला आलेला कार्यक्रम परदेशी होता, हिंदीत भाषांतरित केलेला. प्रत्येक भागात एका मोठ्या कंपनीचा मालक खोटी दाढी लावतो, केस रंगवतो आणि आपल्याच कंपनीत आठवडाभर साधा कामगार म्हणून राबतो. सोबतचे कामगार त्याला काम शिकवतात, रागावतात, डब्यातले खायला देतात आणि जेवणाच्या सुट्टीत आपली दुःखे सांगतात. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांना एकेक करून वरच्या कार्यालयात बोलावले जाते. मालक सूट घालून बसलेला असतो. तो ओळख देतो, कामगार तोंडावर हात ठेवतो, दोघेही रडतात. मग कोणाला बढती मिळते, कोणाच्या आईचे ऑपरेशन होते, कोणाच्या मुलीच्या शिक्षणाची सोय लागते. शिवीगाळ जवळजवळ नाही, हिंसा नाही, भीती शून्य. पहिल्याच भागात मला निष्कर्ष दिसत होता.

प्रेक्षक तीन म्हणजे मी, आई आणि पप्पा. पप्पा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर ऑपरेटर होते. सव्वीस वर्षे ते एकाच शेडमध्ये होते. पत्रा आत सरकवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणे दाबायची, वरून प्रेस कोसळणार, तयार झालेला भाग बाहेर काढायचा. त्यांच्या कारखान्याची सुट्टी शनिवारी, म्हणून आमचा कार्यक्रमही शनिवारी. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते जमिनीवर, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसत आणि रिमोट स्वतःच्या मांडीखाली ठेवत.

“अहो, कमी करा ना तो आवाज,” आई स्वयंपाकघरातून म्हणायची. “शेजारीण विचारेल, तुमच्या घरात काय कारखाना शे का!” आई बागलाणातल्या नामपूरची. चिडली की तिच्या बोलण्यात माहेर उतरते. तिच्या मते टीव्ही बारावर ठेवला की पुरे असे. पप्पांचे लक्ष नसले की ती रिमोट ओढून तो बारावर आणायची.

पप्पांना कार्यक्रम अतिशय आवडला. मूळचे नांदगावकडचे; घरात बोलताना त्यांनी शहरी भाषेचा कधी मुलाहिजा ठेवला नाही. “लय भारी हाय हे,” ते म्हणायचे. “बघ, आता हा रडंल. बघ, वठ हालायला लागले.” आणि खरोखर पुढच्या क्षणी तो मनुष्य रडायचा. संवाद सुरू होण्याआधीच त्यांना पुढचे कळायचे. मला त्याचे कौतुक वाटायचे. चेहरा वाचण्याची ही सवय त्यांना कशातून लागली असेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

आईचे मत वेगळे होते. “मालक हेल्पर झालेला दाखवतात. एखादा हेल्पर मालक झालेला दाखवा म्हणावं!”

“तसं दाखवलं तर बघंल कोण?” पप्पा म्हणाले.

चौथ्या भागापर्यंत आवाज एकोणतीसवर गेला होता, सहाव्याला बत्तीसवर. मी ते आकडे नेमाने लिहीत होते. एकदा तर आलेखही काढला आणि भाषांतराचे ध्वनिमुद्रण भागागणिक बारीक होत असावे, अशी टीप खाली लिहिली. त्या आलेखाची चढती रेष आजही वहीत आहे.

जुलैच्या मध्यावर पप्पांच्या शेडमध्ये एक नवा हेल्पर आला. कंत्राटी होता. हेल्पर म्हणजे पत्रे आणून देणारा, भरलेले ट्रे उचलणारा, कॉटन वेस्टने यंत्रे पुसणारा. हे काम वीस-बावीस वर्षांची मुले करतात. हा मनुष्य पंचेचाळिशीचा होता.

“या वयात हेल्पर म्हणून कोण लागतं?” पहिली पाळी संपवून चारच्या सुमाराला घरी आल्यावर पप्पांनी बूट काढता काढता विचारले. “आन् हात बघितले त्याचे. मऊ. माझ्या हातात हात दिला तर मलाच लाज वाटली.”

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. त्या माणसाच्या नाकावर दोन्ही बाजूंना चष्म्याचे वण होते, पण चष्मा नव्हता. तिसऱ्या दिवशी कळले की तो सगळ्यांना गाव विचारतो, घरी कोण कोण असते ते विचारतो. डबा खाताना मांडीवर रुमाल पसरतो. दाढी नवी असावी, कारण हात सारखा तिच्याकडे जातो. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की बोलता बोलता तो समोरच्याला खांद्याला धरून हलकेच वळवतो आणि वरच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे त्याचे तोंड करून उभे करतो.

“कशाला?” मी विचारले.

पप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की एवढी शिकून तुला हेही कळू नये. “कॅमेऱ्यासाठी.”

जूनमध्येच शेडमध्ये चार नवे कॅमेरे बसले होते. शिवाय मालकांचे जावई दिवाळीनंतर कारखान्याचा कारभार हाती घेणार, अशी बातमी सगळीकडे होती. मालकांना सगळे ओळखत. दसऱ्याला यंत्रांच्या पूजेसाठी ते दरवर्षी शेडमध्ये येत आणि स्वतः पेढे वाटत. जावयांना मात्र आजवर कोणीच पाहिले नव्हते. ते पुण्याला असत. वय पंचेचाळीसच्या आसपास, असे म्हणत.

आई हसून हसून बेजार झाली. “अहो, जावईबापू पत्रे उचलताहेत? सासुरवाडीला?”

“तू हस. शेवटच्या दहा मिनिटांत कळंल.”

मी हसले नाही. मी वही उघडली. हे लिहिताना मला स्वतःचा सर्वाधिक संताप येतो तो इथे. मी पुरावे एकाखाली एक लिहिले: वय, हात, चष्म्याचे वण, प्रश्न, रुमाल, दाढी, उजेड, कॅमेरे, जावई. नऊ खुणा. कार्यक्रमातल्या मालकांशी ताडून पाहता नऊपैकी सात जुळत होत्या. पप्पा आणि मी जमिनीवर वही ठेवून बसलो होतो आणि लहानपणी गणिते सोडवताना ते जसे शेजारी बसत तसेच बसले होते. मला फार बरे वाटत होते.

“तू शास्त्र शिकलीस,” पप्पा म्हणाले. “खरं सांग. असंल का तो?”

अशा प्रश्नाचे उत्तर कसे काढायचे हे मला ठाऊक होते. खुणा किती जुळतात हे पाहण्याआधी मुळात अशी घटना किती वेळा घडते, हे पाहायचे असते. अंबडमध्ये एवढे कारखाने, एवढी वर्षे. त्यांतला कोणता मालक किंवा कोणाचा जावई निळा गणवेश घालून हेल्पर झाला? मला माहीत असलेला आकडा शून्य होता. शून्याला कितीही खुणांनी गुणले तरी शून्यच. पदवीच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर मी लाल शाईने खूण केली असती.

“साठ टक्के,” मी म्हणाले.

तो आकडा मी कुठूनही काढलेला नव्हता. तो तोंडातून आला. पुष्कळदा विचार केल्यावर मला त्याचे मूळ सापडले आहे, आणि ते चांगले नाही. आदल्याच शनिवारच्या भागात एका कामगाराच्या मुलीला परदेशी शिकायला पाठवले होते. ती माझ्याच वयाची होती. माझे अर्ज तेव्हा चार ठिकाणी पडून होते.

पप्पांनी मान डोलावली. साठ हा त्यांच्या दृष्टीने पास होण्यापेक्षा पुष्कळ वरचा आकडा होता.

पुढच्या तीनेक आठवड्यांत पप्पांनी त्या माणसाची जी सरबराई केली तिचे वर्णन मला नंतर दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळाले. त्याला जड ट्रे उचलू द्यायचे नाहीत. चहा आधी त्याला. शेडमध्ये पप्पांना सगळे नाना म्हणत. नाना कोणालाही अहो-जाहो करत नसत, सुपरवायझर सोडून. या हेल्परला मात्र ते “आपण बसा, मी बघतो” असे म्हणू लागले. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत, दोघेच असताना, पप्पांनी त्याला आपले दुःख सांगितले. कार्यक्रमात तसेच असते. जो मनातले सांगतो त्यालाच वर बोलावतात.

त्या दिवशी घरी आल्यावर ते फार हलके दिसत होते. चहा घेता घेता म्हणाले, “सांगून टाकलं त्याला.”

“काय सांगितलं?”

त्यांनी नुसतेच माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी डावा हात कानाशी नेला.

“ऐकू येत नाय मला. सहा वरसं झाली.”

आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. तिला ठाऊक होते की नव्हते, हे मी आजपर्यंत विचारलेले नाही.

मग त्यांनी सगळे सांगितले. दरवर्षी कारखान्याच्या आवारात कानांच्या तपासणीची गाडी येते. आत काचेची लहान खोली असते. कामगाराने कानांवर हेडफोन लावून बसायचे आणि बीप ऐकू आला की बोट वर करायचे. तपासणारी मुलगी काचेबाहेर यंत्रापाशी पाठमोरी बसलेली असते. तिने कळ दाबली की तिचे कोपर किंचित हलते. पप्पा सहा वर्षे त्या कोपराकडे पाहून बोट वर करत होते. कधी मुद्दाम एखादे चुकवायचे, सगळे बरोबर आले तर संशय येईल म्हणून. प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला भोंगा आणि शेजाऱ्याची हाक ऐकू आलीच पाहिजे, असा नियम आहे. निवृत्तीला तीन वर्षे राहिली होती. ती प्रेसवर काढावीत आणि तिथूनच हार घालून घरी यावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

“मी म्हणलं त्याला, साहेब, कान गेले पण हात गेले नाय. सव्वीस वरसांत एक बोट सुदिक कमी नाय माझं. मोजून बघा.” त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरले, त्याच्यासमोर पसरले असतील तसे. “त्यानं बराच वेळ धरून ठेवले माझे हात.”

मी आत जाऊन वही उघडली. सव्वीस, सत्तावीस, सत्तावीस, एकोणतीस, एकतीस, बत्तीस, बत्तीस, तेहेतीस, तेहेतीस, चौतीस. माझ्या वडिलांचे बहिरेपण मी दहा शनिवार माझ्याच अक्षरांत, तारीख-वार घालून उतरवले होते आणि त्याला ध्वनिमुद्रणातला दोष म्हटले होते. एका अनोळखी माणसाला ते माझ्याआधी कळले होते.

मग आम्ही वाट पाहू लागलो. हे कबूल करायला हवे. त्या दोन आठवड्यांत घरात एक विचित्र उत्साह होता. पप्पांनी निळ्या गणवेशाला घरी इस्त्री केली. वर बोलावले तर, म्हणून.

आणि त्यांना खरेच वर बोलावले. ऑगस्टच्या अखेरीस सुपरवायझरने त्यांना कार्यालयाच्या जिन्यापाशी गाठले आणि वर नेले. खुर्चीत सूट घातलेले कोणी नव्हते. मनुष्यबळ विभागातल्या एक बाई होत्या. त्या सौजन्याने बोलल्या. तुमच्या श्रवणशक्तीबद्दल आमच्या कानावर काही आले आहे, आपण शहरात नीट तपासणी करून घेऊ. सुपरवायझर, ज्याला पप्पांनीच प्रेस शिकवला होता, तो सगळा वेळ जमिनीकडे पाहत होता. पप्पांना बाईंचे बोलणे अर्धेच समजले. त्यांनी हसून होकार दिला. खाली उतरून आल्यावर त्यांनी सोबत्यांना सांगितले की कंपनी आपल्या कानांवर उपचार करणार आहे.

तपासणीला मी सोबत गेले. त्या दवाखान्यात तपासनीस पाठीमागे बसत होता. समोर कोरी भिंत होती. मी काचेतून पाहत होते. पप्पा ताठ बसले होते, बोट गुडघ्यावर तयार ठेवून, आणि त्यांचे डोळे सबंध भिंतीवर काहीतरी शोधत फिरत होते. फार वेळाने एकदा बोट वर झाले. तेव्हा कोणताही आवाज सोडलेला नव्हता, हे मला तपासनिसाच्या चेहऱ्यावरून कळले.

उजवा कान ६५ डेसिबल, डावा ५८; त्याहून हळू आवाज त्यांना येतच नव्हता. हे दोन आकडेही वहीत आहेत. घरातले साधे बोलणे साधारण याच पातळीवर चालते. त्यांना आमचे आवाज येत होते. शब्द येत नव्हते.

दोन दिवसांत त्यांना प्रेसवरून काढून कुंपणालगतच्या बागेत दिले. अशोकाची झाडे आणि चार गुलाब. दसऱ्याला शेडमध्ये पूजा झाली. मालकांसोबत जावई आले होते. उंच, चष्मा लावलेले, हसतमुख. त्यांनी पेढे वाटले. पप्पांना बागेत पेढा मिळाला तो एका ट्रेमधून, शिपायाच्या हातून. दिवाळीच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता. “झाडं मला काय शिकवायची नाय,” एवढेच ते म्हणाले.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी, नुकतेच दिवे लागले होते, दारात एक माणूस उभा राहिला. हातात केळ्यांची पिशवी, डोळ्यांवर चष्मा. मी त्याला ओळखायचे कारण नव्हते, पण चष्म्याखालच्या मऊ, संकोचलेल्या चेहऱ्याकडे पाहून ओळखले.

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. आईने पाणी दिले, पण चहाचे विचारले नाही.

“नाना,” तो म्हणाला, “मी माफी मागायला आलो.”

“काय म्हणतो?” पप्पांनी मला विचारले.

“माफी मागायला आलेत,” मी मोठ्याने म्हणाले.

तो बोलत गेला आणि प्रत्येक वाक्य मला पप्पांच्या कानाशी पुन्हा म्हणावे लागले. त्याचा फोटो स्टुडिओ होता, बावीस वर्षे. मोबाइल आले, स्टुडिओ बसला. कंत्राटदाराने चष्मेवाला हेल्पर चालणार नाही म्हटल्यावर तो चष्मा खिशात ठेवून कामाला येत असे. माणसाला उजेडाकडे वळवायची सवय हाताला जडलेली होती. हे सारे मी एकेक करून, ओरडून, माझ्या वडिलांना सांगितले. वहीतल्या खुणा एकेक करून पुसल्या जात होत्या.

“पण पप्पांच्या कानांचं तुम्ही सुपरवायझरला का सांगितलंत?” हे मी माझ्या वतीने विचारले.

त्याने मान खाली घातली. “ताई, मला वाटलं नाना म्हणजे कंपनीचं मोठं माणूस. एवढा जुना ऑपरेटर, आणि मला आपण म्हणतो, चहा देतो, ट्रे उचलू देत नाही. मला कोण आपण म्हणणार? तो कार्यक्रम लागतो बघा, मालक वेश बदलून येतो तो. आम्ही घरी सगळे बघायचो. मला वाटलं, हे माझी परीक्षा घेताहेत. मुद्दाम खोटं दुखणं सांगताहेत, बघू हा कंपनीला कळवतो का लपवतो. माझी पोरं म्हणाली, पप्पा, सांगून टाका, तुम्हाला परमनंट करतील.”



“काय म्हणला?” पप्पांनी विचारले. “एवढं लांबडं काय म्हणला?”

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले. “त्यांना वाटलं, तुम्हीच मालक आहात. वेश बदललेले.”

पप्पांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. आणि हसायला लागले. पोट धरून हसले. “अरे तिच्या! म्हणजे मी तुला साहेब समजून चहा पाजतो, आन् तू मला साहेब समजून पितो?”

तो माणूसही हसू लागला, पण त्याला ते जमेना. त्याने चष्मा काढून डोळे पुसले. पप्पांनी उठून त्याच्या खांद्याला धरले आणि त्याला हलकेच वळवले, ट्यूबलाइटकडे तोंड करून. “आता रड,” ते म्हणाले. “शेवटची दहा मिनिटं.”

मग आईने चहा टाकला.

ते पत्रक मी सप्टेंबरातच पाठवून दिले होते. शिवीगाळ २, हिंसा ०, मद्य ३, भीती ०. वय सात आणि पुढे. कुटुंबासह पाहण्यास योग्य. त्या संध्याकाळनंतर मी कंपनीला फोन केला आणि पत्रकात एक रकाना हवा असे सुचवले. जे घर कारखान्यावर चालते, त्या घराने हे पाहिले तर काय होते याचा. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले. “मॅडम, म्हणजे भीतीचा आकडा बदलायचाय का?” तिने विचारले. मी विचार केला. भीती कोणालाच वाटली नव्हती. उलट होते. पण त्याचे सूत्र माझ्याकडे नव्हते, म्हणून मी नको म्हणाले.

पुढच्या वर्षी मला बंगळुरूला संशोधनासाठी प्रवेश मिळाला. पप्पांसाठी आम्ही श्रवणयंत्र आणले होते. ते त्यांनी चार दिवस लावले. सगळाच गोंगाट आत येतो, प्रेसच्या आत डोके घातल्यासारखे वाटते, म्हणाले, आणि ते डबीत ठेवून डबी देवळीत ठेवली. त्यानंतर मी त्यांना टीव्ही मोठ्याने लावलेला पाहिला नाही. आईला वाटले, बरे झाले. मीही काही दिवस तसेच समजत होते.

शनिवार, १९ जुलै २०२५. दुसऱ्या दिवशी मी निघणार होते, म्हणून सकाळी तिघे एकत्र बसलो. कुठलासा विनोदी कार्यक्रम लागला होता. पप्पांनी मांडीखालचा रिमोट काढला, हवा तो आकडा दिसेपर्यंत बटण दाबले आणि आईकडे पाहिले. “बरोबर हाय ना आवाज?”

“हो,” आई म्हणाली. “आता कसं, माणसांच्या घरासारखं.”

मी सवयीने वही उघडली होती. पण पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहत राहिले. पप्पा पडद्याकडे पाहतच नव्हते. ते तिरक्या नजरेने आमच्या चेहऱ्यांकडे पाहत होते. आई हसली की ते हसत, अर्ध्या क्षणाने. मी हसले की माझ्याकडे वळून हसत; अर्ध्या क्षणाने. मी एकदा मुद्दाम, काहीच विनोद झालेला नसताना हसून पाहिले.

ते हसले.

मी वहीत तारीख टाकली, वेळ टाकली. वही चाळणाऱ्या एखाद्याला वाटेल की या घरातला माणूस बरा झाला. भाग लिहिला नाही. प्रेक्षक ३. आवाज १२.